रक्ताची गुठळी किती ताण सोसते? संगणकाच्या पडद्यावर सुरू असलेला शोध

कोरोनाच्या दोन वर्षांत आपल्या घराघरांत काही नवे शब्द शिरले. ऑक्सिमीटर, एचआरसीटी, आणि त्यातलाच एक डी-डायमर. लॅबचे रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायचे, "डी-डायमर वाढलंय" एवढं कुणी म्हटलं की घरात सन्नाटा. पण हे डी-डायमर आहे तरी काय, हे विचारायला तेव्हा ना डॉक्टरांना फुरसत होती ना आपल्याला.

सोप्या भाषेत सांगायचं तर डी-डायमर म्हणजे तुटलेल्या जाळ्याचा तुकडा. शरीरात कुठेतरी रक्ताची गुठळी तयार झाली, नंतर शरीरानेच ती कापायला घेतली, आणि कापताना उरलेला एक तुकडा रक्तात वाहू लागला. लॅबवाले तो मोजतात. ज्या जाळ्याचा हा तुकडा, त्याच्या धाग्याला फायब्रिन म्हणतात. हा धागा किती ताणला जातो, कधी तुटतो आणि कधी तुटतच नाही, याचा हिशेब गेली जवळपास वीस वर्षे शास्त्रज्ञ संगणकावर मांडत आहेत. त्याच कामाची ही ओळख.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. गुठळी ही वाईटच, असा आपला समज झाला आहे, कारण हार्टअटॅक आणि लकव्याच्या बातम्यांतच हा शब्द भेटतो. पण भाजी चिरताना बोट कापलं आणि पाच मिनिटांत रक्त थांबलं, तेही गुठळीनेच. फरक आहे तो जागेचा आणि मजबुतीचा. जखमेवरची गुठळी कच्ची राहिली तर रक्त पुन्हा सुटतं. पायाच्या शिरेतली गुठळी अर्धवट तुटून निसटली तर तुकडा फुफ्फुसात जाऊन अडकतो आणि जिवावर बेततं. मेंदूच्या रक्तवाहिनीत बसलेली गुठळी चिवट निघाली तर औषधाला दाद देत नाही. म्हणजे गुठळी झाली की नाही एवढंच पाहून भागत नाही. ती कशी आहे, मऊ की कडक, लवचिक की ठिसूळ, यावर पुढचं सारं अवलंबून असतं. हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच ताण आणि ओढ यांच्या शास्त्राचा, म्हणजे यंत्रशास्त्राचा आहे.

धागा कसा तयार होतो

आपल्या रक्तद्रवात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन कायम विरघळलेलं असतं. लिटरमागे साधारण २ ते ४ ग्रॅम. त्याचा एक रेणू जेमतेम ४५ नॅनोमीटर लांब. एका मिलिमीटरात असे बावीस हजार रेणू एकापुढे एक मावतील. आकार डंबेलसारखा समजा, फक्त मध्येही एक गोळा असलेला. मधल्या गोळ्याला ई म्हणतात, दोन्ही टोकांच्या गोळ्यांना डी. गोळ्यांना जोडणारे दोन दांडे आहेत, आणि प्रत्येक दांडा तीन साखळ्या वेणीसारख्या एकमेकींत वळून झालेला आहे. ही वेणी लक्षात ठेवा, पुढे सगळा वाद तिच्यावरच आहे.

जखम झाली की थ्रोम्बिन नावाचं विकर येतं आणि मधल्या गोळ्यावरचे छोटे तुकडे कापून टाकतं. त्यामुळे झाकलेल्या घुंड्या उघड्या पडतात. शेजारच्या रेणूच्या टोकाला या घुंड्यांच्या मापाची भोकं असतात. शर्टाचं बटण काजात बसावं तशी घुंडी भोकात बसते. रेणू एकमेकांना चिकटतात ते अर्ध्या लांबीने सरकून, जसं विटांच्या भिंतीत खालच्या थराचा सांधा वरच्या विटेच्या मधोमध येतो. मग या जोडीच्या जोड्या एकत्र येऊन जाड धागा होतो, धाग्यांना फांद्या फुटतात, जाळं तयार होतं आणि त्यात लाल पेशी व प्लेटलेट्स अडकतात.

एवढं झालं तरी काम पुरं होत नाही. बटण लावलेला शर्ट ओढला तर बटण निघू शकतं. म्हणून शेवटी घटक तेरा, म्हणजे फॅक्टर थर्टीन, येतो आणि शेजारशेजारचे डी गोळे एकमेकांना पक्के शिवून टाकतो. ही शिलाई इतकी पक्की की नंतर प्लाझमिन नावाचं विकर सगळं जाळं कापत सुटतं तेव्हाही ती उसवत नाही. शिवलेल्या दोन डींचा तो तुकडा जसाच्या तसा बाहेर पडतो. डायमर म्हणजे जोडी. डी-डायमर हे नाव असं पडलं.

आता या धाग्याची ताकद बघा. भिवंडी-मालेगावच्या मागावर काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे की सुती धागा मूळ लांबीच्या काही टक्केच ताणला जातो, मग तुटतो. २००६ मध्ये अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठातील मार्टिन गुथोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फायब्रिनचा एकेक सुटा धागा सूक्ष्मदर्शकाखाली बाजूला ओढून पाहिला. मूळ लांबीच्या २.८ पट ताणून सोडला तरी तो कायमचा लांब झाला नाही. तुटायच्या आधी तो सरासरी ४.३ पट लांब झाला, आणि काही धागे तर सहा पटींच्याही पुढे गेले. रबराला मान खाली घालायला लावणारे हे आकडे आहेत. आणि गंमत अशी की धागा जितका ताणला जाईल तितका तो कडक होत जातो. सुरुवातीला सैल, नंतर ताठ. रक्ताच्या दाबाखाली टिकायला हाच स्वभाव उपयोगी पडतो.

हे झालं धाग्याचं. पण प्रथिनाच्या आत असं काय घडतं की धागा चौपट लांब होऊनही तुटत नाही? नुसत्या प्रयोगाने हे दिसत नाही, कारण रेणूच्या आतलं हलणं-उलगडणं दाखवणारा कॅमेरा अस्तित्वात नाही. इथे संगणक मदतीला येतो.

हैदराबादचे अनीसुर रहमान

या पद्धतीला मॉलिक्युलर डायनॅमिक्स म्हणतात. तिचा इतिहास सांगताना एक नाव टाळता येत नाही, आणि आपल्या समाजात ते फारसं कुणाला माहीत नाही याचं आम्हाला नवल वाटतं. ते म्हणजे अनीसुर रहमान. १९२७ मध्ये त्यांचा जन्म हैदराबादेत झाला, निजामाच्या त्या रियासतीत जिच्यात तेव्हा आपला मराठवाडाही होता. पुढे ते शिकागोजवळच्या आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीत काम करू लागले. १९६४ मध्ये त्यांनी तिथल्या संगणकावर द्रवरूप अर्गॉनचे ८६४ अणू हलवून दाखवले (प्रयोगशाळेचं नाव आणि वायूचं नाव यांतलं साम्य निव्वळ योगायोगाचं). खऱ्या द्रवाचं वर्तन अणूपासून हिशेब करत वर आणता येतं, हे त्या कामाने पटवून दिलं. १९७१ मध्ये फ्रँक स्टिलिंजर यांच्यासोबत त्यांनी पाण्याच्या २१६ रेणूंवर हाच प्रयोग केला. संगणकीय भौतिकशास्त्रासाठी अमेरिकन फिजिकल सोसायटी आज जो पुरस्कार देते तो अनीसुर रहमान यांच्या नावाने आहे.

पद्धत मुळात शाळेतल्या न्यूटनच्या नियमांवर उभी आहे. प्रत्येक अणू कुठे आहे ते लिहून घ्यायचं. शेजारचे अणू त्याला किती ओढतात, किती ढकलतात, ते काढायचं. त्यावरून पुढच्या क्षणी तो कुठे असेल ते ठरवायचं. मग पुन्हा तेच, पुन्हा तेच. अडचण आहे ती क्षणाच्या लांबीची. अणू इतके वेगाने थरथरतात की एक पाऊल साधारण दोन फेमटोसेकंदांचंच घ्यावं लागतं. एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले तर त्यातला एक. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचं चित्र हवं असेल तर ५० कोटी पावलं, आणि प्रत्येक पावलाला सगळ्या अणूंचा हिशेब नव्याने.

हिशेब सुरू करायला रेणूचा नकाशा लागतो. घुंडी भोकात कशी बसते हे १९९७ मध्ये अमेरिकेतल्या रसेल डूलिटल यांच्या गटाने डी-डायमरचे स्फटिक करून क्ष-किरणांनी दाखवलं होतं. कोंबडीच्या फायब्रिनोजेनची रचना २००१ मध्ये आली, माणसाच्या फायब्रिनोजेनची २००९ मध्ये. त्यानंतर संगणकवाल्यांचे हात मोकळे झाले. ज्या प्रकारच्या मॉडेलना २०१३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं (कारप्लस, लेव्हिट आणि वॉर्शेल यांना), त्यांच्याशीही या कामाचं जवळचं नातं आहे.

वेणी की गोळा?

२००८ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील क्लाउस शुल्टेन यांच्या गटाने फायब्रिनोजेनचा रेणू आजूबाजूच्या पाण्यासकट संगणकात उभा केला. दहा लाखांच्या आसपास अणू झाले. रहमान यांचे ८६४ आठवा. मग या रेणूचं एक टोक धरून दुसरं ओढलं. सोबत खऱ्या रेणूवरही अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपची सुई लावून तीच ओढाताण केली. दोन्हीकडे एक गोष्ट दिसली. ओढ वाढत जाते, मग एका टप्प्यावर रेणू लांब होत राहतो पण ओढ फारशी वाढत नाही. संगणकात डोकावलं तेव्हा त्या टप्प्यावर वेणी उलगडत होती. गुठळीच्या लवचिकतेचं रहस्य वेणीत आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

पण प्रकरण इथे मिटलं नाही. संगणकात वेळ कमी असतो, त्यामुळे रेणू फार घाईने ओढावा लागतो, खऱ्या प्रयोगापेक्षा लाखो पटींनी वेगात. आणि घाईने ओढलेली वस्तू वेगळी वागते. चिकट पीठ हळू ओढा, तार निघते. झटका द्या, तुटतं. तेव्हा घाईत दिसलेलं खरंच तसंच असतं का, ही शंका रास्तच होती.

२०११ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या लोवेल येथील व्हॅलेरी बार्सेगोव्ह, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जॉन वायझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी प्रत्येक अणू मोजायचा नाद सोडला. फायब्रिनोजेनमध्ये २,९६४ अमिनो आम्लं आहेत, प्रत्येकाच्या जागी एकच मणी धरला. हजारो अणूंचा रेणू तीन हजार मण्यांची माळ झाला. आणि हिशेब चालवला तो ग्राफिक्स कार्डांवर, म्हणजे पोरं ज्यावर व्हिडिओ गेम खेळतात त्याच जातीच्या चिप्सवर. यामुळे रेणू सावकाश ओढणं शक्य झालं. त्यांना वेगळं चित्र दिसलं. वेणी ताणली जाते आणि परत आखडते, स्प्रिंगसारखी. मोठी लांबी मात्र येते ती टोकाच्या डी भागातला गॅमा नावाचा गोळा टप्प्याटप्प्याने उलगडल्याने.

तिसरा एक गट म्हणतो, तुम्ही दोघेही एक गोष्ट विसरताय. प्रत्येक रेणूला अल्फा साखळीची एक लांब, सैल शेपटी असते. स्फटिकात ती दिसत नाही, म्हणून नकाशातही येत नाही. पण धाग्यात या शेपट्या एकमेकींना बांधलेल्या असतात, आणि सुरुवातीचा सैलपणा त्यांचाच असावा.

आमच्या मते तिघांचंही म्हणणं धाग्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांना लागू पडण्याचा संभव जास्त. कमी ताणाला शेपट्या, मग वेणी, मग गोळे. असो, निवाडा अजून व्हायचा आहे.

वेणीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९४३ मध्ये विल्यम अ‍ॅस्टबरी आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवलं होतं की फायब्रिन हे लोकर आणि स्नायूंच्या प्रथिनांच्या बिरादरीतलं आहे. लोकर ओढली की तिच्यातल्या मळसूत्री साखळ्या सरळ होऊन चपट्या पट्ट्या बनतात, फायब्रिनमध्येही तसंच होत असावं. २०१२ मध्ये बार्सेगोव्ह यांच्या गटाने संगणकात हेच बदलणं रेणूच्या पातळीवर होताना पाहिलं. सत्तर वर्षांपूर्वीचा तर्क आणि पडद्यावरचं चित्र जुळलं.

प्रयोगातून मिळालेली एक माहिती मॉडेलवाल्यांना फार उपयोगी पडली. २००९ मध्ये वायझेल यांच्या गटाने आख्खी गुठळी ताणून पाहिली. ताणताना ती बारीक होत गेली, पण अपेक्षेपेक्षा खूपच जास्त. तिचं एकूण आकारमानच घटलं. रेणू उलगडतात, आतले पाण्याला टाळणारे भाग उघडे पडतात, ते एकमेकांना चिकटतात आणि मधलं पाणी बाहेर फेकलं जातं. कपडा पिळावा तसं.

ओढली की घट्ट होणारी गाठ

घुंडी आणि भोक यांची जोडी किती ओढीला सुटते, तेही मोजून झालं आहे. एका जोडीला सुमारे १२५ पिकोन्यूटन. शंभर ग्रॅमचं सफरचंद तळहातावर ठेवलं तर साधारण एक न्यूटन बल जाणवतं, पिकोन्यूटन हा त्याचा लाख-कोटीवा भाग. विशेष म्हणजे ही जोडी थोडी ओढली की आधी सैल होत नाही, उलट घट्ट होते. सरकफासाची गाठ जशी ओढल्यावर आवळते. ओढ एका मर्यादेपलीकडे गेली की मगच सुटते.

रक्तातलं दुसरं एक प्रथिन, व्हॉन विलब्रँड फॅक्टर, याहून अजब आहे. ते लांबलचक असतं पण शांत रक्तात लोकरीच्या गुंडीसारखं गुंडाळून राहतं. अरुंद, जखमी वाहिनीत प्रवाहाची ओढ वाढली की ते उलगडतं आणि प्लेटलेट्सना पकडतं. जिथे रक्त जोरात वाहतंय तिथे ब्रेक लावायचं काम त्याचं. उलगडल्यावर त्याची एक दडलेली जागा उघडी पडते आणि एक कात्रीसारखं विकर तिथेच त्याला कापतं, म्हणजे काम झालं की आवर. ज्यांच्या हृदयाची महाधमनीची झडप फार अरुंद झालेली असते त्यांच्यात हे प्रथिन झडपेतून जाताना इतकं ताणलं जातं की गरजेपेक्षा जास्त कापलं जातं, आणि मग आतड्यातून रक्त जाण्याची तक्रार सुरू होते. हृदयाचा दोष आणि पोटातला रक्तस्राव यांचा संबंध काय, याचं उत्तर एका रेणूच्या ताणात निघालं.

फायब्रिनचं मात्र उलट. ताणलेला फायब्रिन धागा कापायला प्लाझमिनला जास्त वेळ लागतो, असं प्रयोगांत दिसलं आहे.

दवाखान्यात याचा काय उपयोग

लकव्याचंच घ्या. मेंदूत गुठळी अडकल्यावर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, तर "थोडं पडून राहू दे, सकाळी बघू" म्हणण्यात हे तास जातात. मोठी वाहिनी बंद असेल तर मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून जाळीने गुठळी ओढून काढतात. इथे गुठळीचा स्वभाव थेट आडवा येतो. लाल पेशी जास्त असलेली गुठळी मऊ असते, जाळीत सहज येते. फायब्रिन जास्त असलेली कडक असते, निसटते. कोणत्या गुठळीवर कोणती जाळी चालेल, हे रुग्णाऐवजी आधी संगणकात तपासता यावं म्हणून युरोपात इन्सिस्ट नावाच्या प्रकल्पात अशी मॉडेल तयार झाली. रेणूपासून धागा, धाग्यापासून जाळं, जाळ्यापासून पूर्ण गुठळी अशी ही शिडी आहे. वरच्या पायऱ्यांवर आज काम होतंय, खालच्या पायऱ्यांचे आकडे वर नीट पोहोचवणं हे अवघड काम बाकी आहे.

आणि आता आपल्या घरांशी जवळची गोष्ट, ज्यासाठी हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. वर घटक तेराच्या शिलाईबद्दल लिहिलं. काही बाळं हा घटक जवळजवळ नसतानाच जन्माला येतात. त्यांची गुठळी होते, वेळेवर होते, पण शिवलेली नसते. ताण आला की उसवते आणि प्लाझमिन तिला लवकर कापून टाकतं. बहुतेक वेळा पहिली खूण म्हणजे नाळ पडल्यावर बेंबीतून दिवसेंदिवस झिरपणारं रक्त. पुढे सुंता किंवा किरकोळ मार याने रक्त थांबून पुन्हा सुरू होणं. सगळ्यांत मोठा धोका मेंदूतल्या रक्तस्रावाचा.

फसवणूक होते ती रिपोर्टमध्ये. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणाऱ्या नेहमीच्या तपासण्या, पीटी आणि एपीटीटी, दोन्ही नॉर्मल येतात. प्लेटलेट्सही नॉर्मल. कारण या तपासण्या गुठळी झाली की थांबतात, ती किती मजबूत आहे हे बघत नाहीत. मग घरात नजर, करणी असले विषय निघतात आणि इलाज लांबतो. जुनी, स्वस्त तपासणी अशी आहे की गुठळी युरियाच्या दाट द्रावणात ठेवायची. शिवलेली असेल तर टिकते, नसेल तर विरघळून जाते. म्हणजे मजबुतीचीच परीक्षा. घटक तेराचं नेमकं प्रमाण मोजणारी चाचणीही आहे. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था अशाच रक्तविकारांवर काम करते.

हा आजार फार विरळ आहे. पण तो आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तरच होतो, आणि जिथे जवळच्या नात्यात लग्नं होतात तिथे तो जास्त आढळतो. चुलत, मामे, फुफेरे भावंडांत निकाह आपल्याकडे होतात. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रातल्या अनेक हिंदू घरांतही होतं, त्यामुळे हा एका समाजाचा प्रश्न नाही. अशा लग्नाला शरीयतने परवानगी आहे, सक्ती नाही, आणि खानदानात रक्त न थांबण्याचा किस्सा असेल तर तो लपवू नये, निकाहच्या आधी डॉक्टरांना सांगावा. कोर्दोबाच्या अबुल कासिम अल-जहरावी यांनी हजार वर्षांपूर्वीच एका गावातल्या पुरुषांबद्दल लिहून ठेवलं होतं की साध्या जखमेनेही त्यांचं रक्त थांबत नसे आणि ते दगावत. तो आजार बहुधा हिमोफिलिया होता, घटक तेराचा नव्हे. पण रक्तस्राव घराण्यात चालत येऊ शकतो ही नोंद त्यांनी केली होती.

इलाज आहे. घटक तेरा शरीरात बरेच दिवस टिकतो, म्हणून हिमोफिलियासारखं आठवड्यातून दोन-तीनदा टोचावं लागत नाही. साधारण चार आठवड्यांनी एकदा दिलेला डोस बहुतेकांना पुरतो. हा घटक वेगळा मिळाला नाही तर रक्तपेढीतलं क्रायोप्रेसिपिटेट देतात. एका मुलाला आजार निघाला तर भावंडांचीही तपासणी करून घ्यावी, कारण अशा आई-वडिलांच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक असते, आणि पुढच्या बाळंतपणाच्या वेळी ही माहिती डॉक्टरांकडे आधीच असली तर बाळाची तपासणी बेंबीतून रक्त येण्याची वाट न पाहता करता येते.